डॉलर चढेल या अंदाजावर पैसे लावायचे तर: आधी काय, नंतर काय

मी हिशेब लिहिण्याचं काम करतो. गिऱ्हाईक रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातलं: काजू कारखाने, कोळंबी-मासळीची निर्यात करणारे, दुबईला आंबा पाठवणारे आणि बोटीवर किंवा आखातात माणूस असलेली घरं. डॉलरमध्ये हात पोळून जे माझ्यासमोर येऊन बसले, त्यांच्यातले अंदाज चुकला म्हणून बुडालेले फार थोडे. कित्येकांचा अंदाज बरोबर होता, तरी पैसे गेले. पायऱ्यांचा क्रम चुकला होता, किंवा पहिली पायरी घेतलीच नव्हती.

म्हणून खालचं सगळं त्याच क्रमाने वाचा. हिशेबाला सोपं जावं म्हणून सगळीकडे डॉलर ९० रुपये धरला आहे. तो आजचा भाव समजू नका.

१. आधी रस्ता तपासा

मोबाइलवर ॲप टाकलं, पाच हजार भरले आणि युरो-डॉलर, सोनं, येन यांवर पाचशे पट उधारीने खेळायला सुरुवात केली, हा आपल्याकडचा सर्वांत नेहमीचा प्रकार. भारतात राहणाऱ्या माणसाला हे करायला परवानगी नाही. परकीय चलनाचा व्यवहार रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या बँकेतून, अधिकृत मंचावर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजाराच्या चलन विभागातच करायचा असतो. परदेशी पैसे पाठवण्यासाठी माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे खरी, पण परदेशी मंचावर मार्जिन (सौद्यासाठी आधी ठेवायची अनामत) भरायला ती वापरता येत नाही. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि तो पैसे पाठवणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. ॲपवाला तोवर नाव बदलून दुसरीकडे दुकान मांडतो.

रिझर्व्ह बँक अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध करते. सप्टेंबर २०२२ मध्ये पहिली यादी आली तेव्हा तिच्यात ३४ नावं होती, नंतर ती वाढत गेली. पण यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत आहे, असं होत नाही. ती यादी पूर्ण नसल्याचं बँक स्वतःच सांगते.

*तपासा:* पैसे कुठल्या खात्यात मागताहेत? एखाद्या माणसाच्या नावाचा यूपीआय, कधीही न ऐकलेल्या ट्रेडिंग कंपनीचं चालू खातं किंवा क्रिप्टोचं नाणं, यांपैकी काहीही मागितलं की तिथेच थांबा. पैसे आधीच गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. उद्या करू म्हणालात तर रक्कम खात्याखात्यांतून पुढे निघून जाते.

आता दुसरा भाग, जो चांगल्या शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसतो. एनएसई आणि बीएसई या शेअर बाजारांत डॉलर-रुपयाचे वायदे (पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणारे सौदे) रीतसर चालतात, मग कोणीही उठून घ्यावेत का? नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, त्याची अंमलबजावणी ३ मे २०२४ पासून झाली. रुपयाचा समावेश असलेला वायदा घ्यायचा तर तुमच्याकडे खरा, करार झालेला परकीय चलनाचा व्यवहार हवा: द्यायचं बिल किंवा यायची रक्कम. १० कोटी डॉलरपर्यंत त्याचे कागद दाखवावे लागत नाहीत. लोकांनी याचा अर्थ 'कोणी विचारत नाही' असा घेतला. कागद दाखवायची सूट आहे, व्यवहार असण्यातून सूट नाही. ब्रोकरच्या ॲपवर तुम्ही जी खूण करून पुढे जाता, तीत हेच लिहून दिलेलं असतं.

म्हणजे घरात डॉलरचा काहीच संबंध नसताना नुसत्या अंदाजावर वायदा घ्यायचा, तर तुमच्यासाठी हा लेख इथेच संपतो. मात्र कोकणपट्टीत असा संबंध नसलेलं घर शोधावं लागतं.

२. आपण आधीच कुठल्या बाजूला उभे आहोत ते मोजा

काजू कारखानदार म्हणतो, "मी सट्टा खेळत नाही." त्याने आफ्रिकेतून बी मागवली आहे, बिल डॉलरमध्ये, मुदत ९० दिवस. या ९० दिवसांत डॉलर चढला तर तो हरतो, उतरला तर जिंकतो. त्याची पैज लागलेली आहेच, फक्त किती रकमेची ते त्याने मोजलेलं नाही. आपल्या बागायतदाराला हे वेगळं समजवावं लागत नाही. मोहोर बघून बाग खंडाने देणारा आणि घेणारा दोघेही फळ दिसायच्या आधी भाव ठरवतात. न ठरवणारा मे महिन्याच्या बाजारावर सगळं सोडतो.

वहीच्या एका पानावर दोन रकाने पाडा. डावीकडे येणारे डॉलर, उजवीकडे द्यायचे डॉलर. प्रत्येक नोंदीपुढे रक्कम, तारीख आणि ती पक्की की अंदाजाची, हे लिहा.

रकाने भरताना होणाऱ्या चुका:

निर्यातही करतो आणि आयातही करतो, असा माणूस दोन्हींसाठी वेगवेगळी काळजी करत बसतो. गर निर्यात करून ऑगस्टमध्ये ४०,००० डॉलर यायचे असतील आणि बीचे २५,००० ऑगस्टमध्येच द्यायचे असतील, तर तुमचा खरा आकडा १५,००० आहे, आणि तोही येण्याच्या बाजूचा. पण येणारे ऑगस्टमध्ये आणि द्यायचे जूनमध्ये असतील तर ही वजाबाकी करता येत नाही. जूनला हातात डॉलर नसतील.

दुसरी चूक आखाताच्या चलनाची. दिरहॅम, सौदी रियाल, कतारी रियाल, ओमानी रियाल हे सगळे डॉलरला बांधलेले आहेत. एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम आणि ३.७५ सौदी रियाल, असे दर वर्षानुवर्षं खिळ्याने ठोकल्यासारखे आहेत. त्यामुळे एक मुलगा दुबईत, एक दम्माममध्ये, म्हणून आपली जोखीम वाटली गेली असं समजणाऱ्या घराची पैज एकच आहे: डॉलर विरुद्ध रुपया. डॉलर एक रुपयाने हलला की दिरहॅम साधारण २७ पैशांनी हलतो. कुवेती दिनार तेवढा चलनांच्या टोपलीला बांधलेला आहे, त्याचं थोडं वेगळं.

तिसरी गोष्ट चूक म्हणावी अशी नाही, पण ती लक्षात येत नाही. जो कारखानदार बी इथल्याच शेतकऱ्याकडून रुपयांत घेतो, त्यालाही डॉलर लागतो, कारण बाहेरून येणाऱ्या बीचा भाव बघूनच गावातला भाव ठरतो. धंद्याच्या विचारासाठी हे ध्यानात ठेवा. मात्र हा करार झालेला परकीय व्यवहार नव्हे, याच्या जोरावर वायदा घेता येत नाही.

*तपासा:* पानाच्या तळाशी एक वाक्य लिहिता आलं पाहिजे. "१० जुलैला मला २५,००० डॉलर द्यायचे आहेत, डॉलर एक रुपयाने चढला तर माझे २५,००० रुपये जातात." हे लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

३. बँक किती कापते ते आधी बघा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळे ती गाळतात. डॉलर कुठे जाईल यावर रात्री जागवणारा माणूस बँकेत जाऊन चाळीस-पन्नास पैसे न विचारता देऊन येतो. २५,००० डॉलरवर ४० पैसे म्हणजे दहा हजार रुपये. हे मिळवायला कुठलंही भविष्य सांगावं लागत नाही.

बँकेत "आजचा डॉलर काय?" असं विचारू नका. आयातदाराने टीटी सेलिंग (बँक डॉलर विकते तो दर) विचारायचा, ज्याचे पैसे येणार त्याने टीटी बाइंग (बँक डॉलर घेते तो दर). त्याच मिनिटाला बाजारात चालू असलेला दर मोबाइलवर उघडून ठेवायचा आणि दोन्हींतला फरक पैशांत लिहून घ्यायचा. भिंतीवर किंवा संकेतस्थळावर सकाळी लावलेला कार्ड रेट हा न मागणाऱ्यांसाठी असतो. रक्कम बरी असेल तर फरक कमी करून मिळतो, पण मागावा लागतो.

क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा एफएक्स-रिटेल नावाचा मंच ५ ऑगस्ट २०१९ पासून चालू आहे. आपल्याच बँकेमार्फत नोंदणी करून लहान आयातदार, निर्यातदार आणि साधी माणसंही तिथे बाजारदराने डॉलर घेऊ-विकू शकतात. बँक स्वतःचा आकार वेगळा लावते, पण तो उघड दिसतो. शाखेत विचारलं तर समोरचा बहुतेक वेळा "असं काही नसतं" म्हणतो. मुख्य कार्यालयाच्या परकीय चलन विभागाला मेल टाका.

४. 'पुढचा भाव' म्हणजे काय ते समजून घ्या

इथे बरोबर अंदाजवालेही मार खातात.

आज डॉलर ९०. तीन महिन्यांनंतरचा वायदा मात्र ९०.४५ दिसतो. पाहणारा म्हणतो, "बघा, बाजारालाही वाटतंय चढणार." बाजाराला तसं काही वाटत नाही. रुपयावर व्याज जास्त मिळतं, डॉलरवर कमी, त्या दोहोंतला फरक म्हणजे हे ४५ पैसे. वर्षाला २ टक्के फरक धरला तर ९० वर १ रुपया ८० पैसे, तीन महिन्यांना ४५ पैसे. याला प्रीमियम म्हणतात. दिवस सरतील तसा तो विरघळत जातो आणि शेवटच्या दिवशी वायदा आणि चालू भाव एकमेकांना भेटतात.

आता हे बघा. तुम्ही ९०.४५ ला वायद्याचे २५ लॉट घेतले, एक लॉट १,००० डॉलरचा. तीन महिन्यांनी डॉलर ९०.३० वर आला. म्हणजे डॉलर ३० पैशांनी चढला आणि तुमचा अंदाज खरा ठरला. पण तुम्ही ९०.४५ ला घेतलेला वायदा ९०.३० ला मिटला, लॉटमागे १५० रुपये गेले, एकूण ३,७५० रुपये. माणूस ब्रोकरकडे भांडायला जातो की डॉलर चढला तर माझे पैसे कापले कसे.

निर्यातदाराला हेच उलट लागू. त्याने ९०.४५ ला विकून ठेवलं तर प्रीमियम त्याच्या खिशात येतो. म्हणून निर्यातदाराने काहीही न करता "चढेल तेव्हा बघू" म्हणणं हे आयातदाराने तसं म्हणण्यापेक्षा महाग पडतं. त्याला थांबायचे पैसे मिळत होते, ते तो सोडतो.

*तपासा:* तुमचा अंदाज 'डॉलर चढेल' असा लिहू नका. 'डॉलर ९०.४५ च्या वर जाईल' असा लिहा. या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे.

५. साधन निवडा: वायदा, फॉरवर्ड की नुसतं थांबणं

बाजारातला वायदा: एक लॉट १,००० डॉलरचा. भाव पाव पैशाने हलतो, म्हणजे लॉटमागे अडीच रुपये. एक पैसा हलला की दहा रुपये, एक रुपया हलला की हजार. सकाळी ९ ते संध्याकाळी ५. डॉलर हातात येत नाहीत, फरक रुपयांत मिटतो. लहान रकमेला सोयीचा, केव्हाही निघता येतं. पण नफा-तोटा रोजच्या रोज खात्यातून वळता होतो.

बँकेचा फॉरवर्ड: अमुक तारखेला अमुक भावाने इतके डॉलर, असा तुमचा आणि बँकेचा करार. बिल किंवा ऑर्डर दाखवावी लागते, बँक मर्यादा किंवा अनामत मागते. रोजची वजावट नसते आणि ठरलेल्या दिवशी खरे डॉलर मिळतात. माल आलाच नाही आणि करार मोडावा लागला तर त्या दिवशीच्या भावाचा फरक तुमच्याकडून घेतला जाऊ शकतो. ज्याला रोज भाव बघून पोटात गोळा येतो, त्याने हाच घ्यावा. माझ्या बहुतेक काजूवाल्यांना मी हाच सांगतो, आणि बहुतेक काजूवाले ऐकत नाहीत, कारण फॉरवर्डमध्ये मोबाइलवर बघायला काही नसतं.

बोटीवरच्या आणि आखातातल्या माणसांना या दोन्हींची गरज क्वचितच पडते. त्यांचा प्रश्न एवढाच असतो, की आज पाठवायचे की थांबायचं. तिथली ठरलेली चूक अशी: गावी जांभ्या चिऱ्याचं घर स्लॅबपर्यंत आलेलं, ठेकेदार दारात, आणि माणूस दुबईतून सांगतो, "भाव चढला की पाठवतो." ठेकेदार थांबत नाही. मग इथे बारा टक्क्यांनी सोनं गहाण पडतं, तीस पैशांच्या आशेवर. महिन्याची अलॉटमेंट (बोटीवरच्या पगारातून घरी येणारा ठरलेला हिस्सा) घरखर्चाला येते ती येऊ द्या, तिच्याशी खेळू नका. वरची शिल्लक तीन-चार भागांत, ठरलेल्या तारखांना पाठवा. ज्यांना खरोखरच डॉलरमध्येच राहायचं आहे, त्या अनिवासी माणसासाठी एफसीएनआर ठेव आहे: १ ते ५ वर्षं, परकीय चलनातच, मुद्दल आणि व्याज त्याच चलनात परत. वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही. कायमचे परत आलेल्यांना आरएफसी खात्यात परकीय चलन ठेवता येतं. ही दोन्ही खाती शाखेत नुसती नावानं मागा.

निर्यातदाराचं ईईएफसी खातं (निर्यातीचे डॉलर डॉलरमध्येच जमा होतात ते) मात्र डॉलर साठवायची कणगी समजू नका. त्यातले पैसे ठरलेल्या मुदतीत वापरावे किंवा रुपयांत बदलून घ्यावे लागतात. मुदत बँकेकडून लेखी घ्या.

६. किती घ्यायचं: आकडा आधी, भाव नंतर

कायद्याची मर्यादा म्हणजे तुमच्या पानावरचा आकडा. २५,००० डॉलर द्यायचे असतील तर जास्तीत जास्त २५ लॉट, आणि खरेदीच्याच बाजूचे. २६वा लॉट हा निव्वळ जुगार, आणि बेकायदाही. अंदाजाला जागा आहे ती शून्य ते पंचवीसच्या मध्ये. डॉलर चढेल असं ठाम वाटत असेल तर २० झाका (म्हणजे तेवढे लॉट घेऊन भाव पक्का करा), उतरेल असं वाटत असेल तर १०. शून्यावर जाऊ नका. पूर्ण खात्री वाटणं हेच मला धोक्याचं लक्षण वाटतं.

मग रोकड. ९० च्या भावाने एक लॉट ९०,००० रुपयांचा. मार्जिन ३ टक्के धरलं तर २,७०० रुपये. एवढ्या कमी पैशात होतंय म्हणून माणूस मार्जिनपुरतेच पैसे ठेवतो. डॉलर एक रुपया उलटा गेला तर त्यातले हजार जातात, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

'डॉलर काय, चढतच असतो' म्हणणाऱ्यांसाठी: फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉलर ८७.९ च्या आसपास पोचला होता. मेच्या सुरुवातीला तो ८४ च्याही खाली उतरला. तीन महिन्यांत चार रुपये खाली. पुढे त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने ९० ओलांडले, म्हणजे 'चढणार' म्हणणारा शेवटी बरोबर निघाला. पण मधल्या उताराला ज्याच्या खात्यात पैसे नव्हते, तो डिसेंबर बघायला बाजारात उरला नव्हता.

*तपासा:* लॉट गुणिले ४,००० रुपये. १५ लॉटना ६०,०००. एवढी रक्कम मार्जिनच्या वर, मोकळी आणि तीन महिने न लागणारी आहे का? नसेल तर लॉट कमी करा किंवा फॉरवर्डकडे वळा. कारखान्याच्या मजुरीचे पैसे यात धरू नका.

७. खातं उघडा, पण ऑर्डर टाकू नका

शेअरचं खातं असलं तरी चलन विभाग वेगळा चालू करून घ्यावा लागतो. पॅन, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट किंवा उत्पन्नाचा दुसरा पुरावा, आणि मघाशी सांगितलेलं व्यवहार असल्याचं लिहून देणं. सगळेच ब्रोकर आता हा विभाग देत नाहीत, हे आधी विचारा. खातं धंद्याच्या नावाने उघडा. बिल कारखान्याच्या नावावर आणि वायदा बायकोच्या खात्यात, असं केलंत तर व्यवहाराशी सांधा जुळत नाही.

बिलाची प्रत, करार, जहाजाची कागदपत्रं एका फाइलमध्ये ठेवा. आज कोणी मागत नसलं तरी.

८. ऑर्डरच्या आदल्या रात्री वहीत लिहा

चार ओळी पुरतात. काय वाटतं (भावासकट). कशामुळे वाटतं. कुठला भाव आला की मी चुकलो असं मान्य करीन. आणि कुठल्या तारखेला, भाव काहीही असो, निघेन.

'कशामुळे' या ओळीत टीव्हीवरचा माणूस लिहू नका. रुपयाला हलवणाऱ्या गोष्टी मोजक्या: कच्च्या तेलाचा भाव, परदेशी गुंतवणूकदारांची ये-जा, अमेरिकेतलं व्याज, आणि रिझर्व्ह बँक स्वतः. शेवटचीला लोक विसरतात. फार हेलकावे नकोत म्हणून ती बाजारात डॉलर विकते आणि घेते. त्यामुळे भाव महिनोन् महिने एकाच पट्ट्यात पडून राहतो आणि मग एका आठवड्यात दोन रुपये चालून जातो. पडून असताना कंटाळून निघालेली माणसं मी बरीच पाहिली.

तारखाही बघून ठेवा. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण दर दोन महिन्यांनी असतं. अमेरिकेच्या फेडचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजाचा निर्णय आपल्याकडे रात्री साडेअकराला येतो, त्यांच्या हिवाळ्यात साडेबाराला. तिथल्या नोकऱ्यांचा आकडा साधारण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, संध्याकाळी सहा किंवा सातला. आपला बाजार पाचला बंद. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी जे होईल त्याचं उत्तर सोमवारी सकाळी नऊलाच. मधे तुमचा स्टॉपलॉस (ठरलेला भाव आला की आपोआप निघायची ऑर्डर) झोपलेला असतो. ९०.१० ला लावलेला स्टॉपलॉस सोमवारी ८९.७० ला लागू शकतो.

९. ऑर्डर

आता ऑर्डर, आणि तीत फार काही नाही. महिना नीट निवडा, लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची) टाका, मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) नको. २०२४ नंतर चलन विभागातली उलाढाल आटली आहे. लांबच्या महिन्यात घेणारा आणि विकणारा यांच्यात मोठी फट असते, तिथे मार्केट ऑर्डर टाकली तर पहिल्याच मिनिटाला चार-पाच पैसे जातात. सगळे लॉट एकदम घेऊ नका.

महिना निवडण्यातली चूक बघा. बिल १० जुलैचं. माणूस जूनचा वायदा घेतो, कारण तो जवळचा आणि स्वस्त दिसतो. वायदा महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन दिवस आधी, दुपारी साडेबाराला मिटतो. म्हणजे जूनच्या शेवटापासून १० जुलैपर्यंत तुम्ही उघडे. जुलैचा घ्या आणि १० तारखेला बिल भरताना तोही बंद करा.

१०. रोजची वजावट आणि अर्धी बाजू बघण्याची चूक

सगळ्यात जास्त पैसे या पायरीवर गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून एक प्रसंग सविस्तर देतो. वेंगुर्ल्याच्या बाजूचा कारखानदार. २५,००० डॉलरचं बिल, त्याने १५ लॉट झाकले. आकडे सोपे करून लिहितो.

घेतलं ९०.४५ ला. दोन आठवड्यांत डॉलर ८० पैशांनी उतरला आणि वायदा ८९.६५ वर आला. खात्यातून १२,००० रुपये वळते झाले, तेही तुकड्यातुकड्याने, रोज एक मेसेज. तेराव्या दिवशी तो माझ्याकडे आला. काजू सोलणाऱ्या बायकांची हजेरीवही काखेत, मोबाइल हातात. "बघा, रोज कापतत." मी म्हटलं, बिलाचं बघा ना. डॉलर ८० पैशांनी उतरला म्हणजे तुमचं बिल २०,००० नी स्वस्त झालं, बारा गेले तर वीस वाचले. तो म्हणाला, "ते वाचले ते दिसनत नाय. हे कापले ते दिसतत." आणि बाहेर अंगणात जाऊन सगळे लॉट विकले.

बिलाच्या दिवशी डॉलर ९१.५० होता. बिल ९० च्या हिशेबाने ३७,५०० नी महागलं, वर आधीचे १२,००० गेलेलेच. एकूण ४९,५००. लॉट ठेवले असते तर वायद्यातून १५,७५० आले असते आणि फटका २१,७५० वर थांबला असता.

त्याला मी दोष देत नाही. एक बाजू रोज मेसेज पाठवते, दुसरी तीन महिने गप्प बसते. यावर मला सापडलेला उपाय अगदी साधा आहे. दर शुक्रवारी वहीत दोन आकडे शेजारी लिहायचे, वायद्यात काय झालं आणि बिलावर काय झालं, आणि फक्त बेरजेखाली रेघ मारायची. मेसेज बंद करू नका, मार्जिन कमी पडल्याचा निरोप त्याच मार्गाने येतो. तो चुकला तर ब्रोकर तुमच्याकडून न विचारता लॉट विकून मोकळा होतो.

*सावधान:* उतारात "सरासरी खाली आणतो" म्हणून आणखी लॉट घेणं. पानावरच्या आकड्याच्या आत असेल आणि आदल्या रात्रीच्या वहीत लिहिलेलं असेल, तरच.

११. निघणं

बिल भरलं की त्याच दिवशी वायदा बंद. लोक बिल भरतात आणि वायदा 'चांगला चाललाय' म्हणून ठेवतात. बिल भरल्या क्षणी तुमचा मूळ व्यवहार संपला, आता तो नुसता सट्टा आहे आणि पहिल्या पायरीवरचा नियम मोडतो. बोट उशिरा आली, बिलाची मुदत पुढे गेली, तर जुना महिना विकून पुढचा घ्यायचा. त्यात पुन्हा प्रीमियम जातो, तो मालाच्या खर्चात धरा.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत काहीच केलं नाही तर वायदा त्या दिवशीच्या रेफरन्स रेटने, म्हणजे रोज जाहीर होणाऱ्या अधिकृत दराने, आपोआप मिटतो. तुमची बँक त्याच दिवशी जो दर देईल तो त्याहून वेगळा असतो. मग दोन्हींतला फरक कुठे गेला म्हणून आम्ही हिशेबवाले शोधत बसतो.

१२. कागद

मान्यताप्राप्त बाजारातल्या चलन वायद्याचा नफा-तोटा साधारणपणे धंद्याच्या उत्पन्नात जातो, सट्ट्याच्या नव्हे. पगारदाराचं साधं विवरणपत्र त्यासाठी चालत नाही. तोटा पुढच्या आठ वर्षांत वळता करता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. तोटा झाला म्हणून विवरणपत्रात दाखवायचाच नाही, ही सवय इथे सर्रास आहे, आणि दोन वर्षांनी नफा झाला की आठवण होते. प्रत्येक काँट्रॅक्ट नोटवर (सौद्याची ब्रोकरकडून येणारी पावती) पेनाने बिलाचा क्रमांक लिहून त्याच फाइलला लावा. मार्चअखेर माझ्याकडे पिशवीत घालून आणू नका.